शेट्टी गावाला गेलाय

अक्का, शेट्टी सापडला.

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. शेट्टी सापडला परवा दुपारी, आणि तेव्हापासून मी दिसेल त्याला हे सांगत सुटले आहे. ह्यांना सांगून झालं, शुभाला शाळेतून येताक्षणी दारातच सांगून झालं, पुण्याला बहिणीला चार पानी पत्र गेलं. पण जिला आधी सांगायला हवं ती शेजारच्या घरात आता नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. कुठे सापडला ते मात्र लगेच सांगणार नाही. तुम्ही मला पाच दसरे टांगून ठेवलंत, तेव्हा आता जरा वेळ तुम्हीही थांबा.

एका वीतभर लाकडी बाहुल्यासाठी बाई एवढी का उतावीळ झाली आहे, असं कुणालाही वाटेल. पण ज्याने तुमच्या घरची दसऱ्याची मांडणी पाहिली आहे त्याला वाटणार नाही. लाल कापड घातलेल्या सात पायऱ्या, वरच्या पायरीवर राजा-राणी, मध्ये देव, आणि अगदी खालच्या पायरीवर किराणा दुकान घालून बसलेलं जोडपं, शेट्टी आणि शेट्टम्मा. शेट्टीचं पोट सुटलेलं, कपाळाला गंध, चेहऱ्यावर उधारी न देण्याचा निश्चय. पुढ्यात बोटाच्या पेरावर मावतील एवढ्या पितळी वाट्यांतून तांदूळ, तूरडाळ, हळकुंडं. तुमच्या आईने लग्नात तुम्हाला दिलेलं हे जोडपं. त्यातला शेट्टी तुम्ही मला एका दसऱ्यापुरता दिलात, आणि मी तो हरवला.

हरवला कसा, हे सांगायचं तर आमच्या त्या खोलीपासून सुरुवात करावी लागेल.

ह्यांना इथल्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली तेव्हा आम्ही पुण्याहून पाच लाकडी खोकी घेऊन आलो. ह्या कानडी शहरातल्या राजाजीनगरात तेव्हा घरं कमी आणि मोकळी जागा जास्त. संध्याकाळी कारखान्याची बस वळणावर दिसली की ती दारात येईपर्यंत माझा चहा उकळून व्हायचा. स्वयंपाकघराला लागून एक लहान खोली होती, तिच्यात आम्ही ती खोकी लावली. लागेल तसं सामान काढू, असं ठरलं होतं. दोन खोकी अर्धी उघडली, तीन तशीच राहिली. कारण आम्ही काही इथे कायमचे आलो नव्हतो. दोन वर्षांत पुण्याकडे काहीतरी बघायचं, हे घरात इतकं पक्कं होतं की खिळे काढून परत ठोकायचे कशाला, हा प्रश्न आम्हाला फार शहाणपणाचा वाटायचा.

तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात त्या दिवशी ती खोकी पाहिलीत. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "आम्ही काय, दोन वर्षांचे पाहुणे."

तुम्ही मान डोलावलीत. "सरी, सरी. आमची माणसंही हेच म्हणत आली होती की."

"केव्हा?"

"तीनशे वर्षं झाली असतील."

मला हसू आलं, पण खरं सांगू का, त्या दिवशी मला तुमच्या बोलण्याचंही हसू आलं होतं. तुमच्या मराठीत मध्येच येणारं ते कानडी 'स्वल्प', म्हणजे जरासं, वाक्याच्या शेवटी लावलेलं ते 'अल्वा?', म्हणजे नाही का, आणि मला विमलऐवजी 'विमला' म्हणून हाक मारणं. मी पुण्याच्या पत्रात तुमची नक्कल लिहून पाठवली होती. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगते. मागच्या मे महिन्यात माहेरी गेले तर टांगेवाल्याला "स्वल्प थांबा" म्हणाले आणि बहीण हसून हसून बेजार झाली. तुमची परतफेड झाली, असं समजा.

त्या खोलीचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. पाहुणे येणार म्हटलं की मी घर आवरत नसे, घर त्या खोलीत ढकलत असे. वाळलेले कपडे, शुभाची मोडकी खेळणी, रद्दी, जुनी पायपुसणी, ह्यांची ड्रॉइंगची गुंडाळी. दार ओढून घेतलं की दिवाणखाना कसा लख्ख. मी एकदा आवरायला घेणार होते, खरंच घेणार होते. आधी दिवाळीनंतर, मग शुभाचा गोवर गेल्यावर, मग पावसाची ओल गेल्यावर. हे तर इंजिनिअर. ते म्हणाले, आधी खोलीत काय काय आहे त्याची पद्धतशीर यादी करू. दोन रविवार बसून त्यांनी यादी केलीही. ती यादी पुढे त्याच खोलीत हरवली.

आमच्या इथल्या दुसऱ्या दसऱ्याला शुभा चार वर्षांची होती. तुमच्याकडची मांडणी पाहून तिने आमच्याकडेही बाहुल्या हव्यात म्हणून भोकाड पसरलं. तुम्ही तीन पायऱ्यांपुरत्या बाहुल्या टोपलीत भरून दिल्यात. त्यात शेट्टी नव्हता, पण तिने जो त्याला पोटाशी धरला तो सोडेना. मी ओशाळून तिच्या हातातून काढायला गेले तर तुम्ही मला अडवलंत.

"राहू दे. शेट्टी ह्या वर्षी तुमच्याकडं दुकान घालू दे. इकडचं शेट्टम्मा बघेल. तीच बघते नाहीतरी."

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तार आली, नणंदेचं सगळं बिऱ्हाड तिरुपतीला जाताना दोन दिवस आमच्याकडे उतरणार म्हणून. संध्याकाळची गाडी. मी काय केलं असेल ते तुम्हाला सांगायला नकोच. बाहुल्यांची टोपली मी आठवणीने तुमच्याकडे पोचती केली, पण शेट्टी टोपलीत नव्हता. शुभा त्याला घेऊन कुठेतरी खेळत होती आणि ते कुठेतरी मी त्या घाईत उचलून खोलीत ढकललं होतं. नणंद गेल्यावर मी दारात उभं राहून आत पाहिलं, वरवर दोन-चार वस्तू हलवल्या, वरची गादी अंगावर आली, आणि मी दार परत लावून घेतलं.

चार दिवसांनी तुम्ही कुंपणाशी विचारलंत, "शेट्टी बरा आहे का?"

"आहे ना," मी म्हटलं. "देतेच उद्या."

त्या 'उद्या'वर मी वर्षभर जगले. तुम्ही कधी तगादा लावला नाहीत. लावला असता तर मी चिडले तरी असते. पुढचा दसरा आला. तुमच्याकडे हळदीकुंकवाला गेले तर खालच्या पायरीवर शेट्टम्मा एकटीच बसलेली, आणि तिच्या शेजारी तुम्ही जागा सोडलेली. दुसरी एखादी बाहुली सरकवून झाकता आली असती, पण नाही. कुणीतरी बाईंनी विचारलंच, "अक्का, शेट्टी कुठं?"

"गावाला गेलाय," तुम्ही वाटीत उसळ घालता घालता म्हणालात. "येईल."

सगळ्या हसल्या. मी वाटी तशीच खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुमच्याकडे आले आणि मागच्या पडवीत तुमच्यासमोर बसून रडले. तुम्ही अबोलीचा गजरा गुंफत होतात. मी म्हटलं, अक्का, शेट्टी हरवला, वर्षभर मी खोटं बोलले. तुम्ही हातातली गाठ पुरी केलीत आणि मग बोललात.

"त्या खोलीला दारं किती?"

"एकच."

"शेट्टीला पाय?"

"मांडी घातलेली आहे."

"मग तो आहे तिथंच. शोधू या. कॉफी आहे का घरात?"

गुरुवार होता. तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात शिरलात, स्वतःचा पितळी फिल्टर घरून मागवलात, वरच्या भांड्यात पूड घालून दाबलीत, उकळतं पाणी ओतलंत आणि झाकण ठेवलंत. मी पुण्याची, चहावर वाढलेली. मला वाटलं आधी कॉफी पिऊ आणि मग लागू कामाला. तुम्ही पदर खोचलात.

"हे डिकॉक्शन खाली उतरेपर्यंत काम. उतरलं की बंद. अर्धी पिशवी हातात असली तरी ठेवून द्यायची. मग कॉफी."

"एवढ्यात काय होणार? पंधरा-वीस मिनिटं."

"वर्षभरात त्याहून जास्त काय झालं?"

तुमचा दुसरा नियम त्याहून कडक होता. हातात घेतलेली वस्तू ठरवल्याशिवाय खाली ठेवायची नाही. ढीग तीनच, माझं, दुसऱ्याचं, आणि कुणाचंच नाही. पहिले दोन मला जमायचे. तिसऱ्यापाशी माझं अडायचं. एका चपलेला मी कुणाचीच नाही असं म्हणू शकले नव्हते, आठवतं? तिची जोडीदारीण सापडेल म्हणून हातात धरून उभी होते. तुम्ही म्हणालात, "तिची जोडीदारीण पुण्यात हिची वाट बघत असेल, आपण कशाला मध्ये पडायचं," आणि काढून घेतलीत.

गंमत म्हणजे मला ते आवडायला लागलं. इतकी वर्षं मला त्या खोलीची भीती वाटे, कारण एकदा आत शिरले की संपेपर्यंत बाहेर येता येणार नाही, असं डोक्यात बसलं होतं. खोली संपण्यासारखी नव्हती, म्हणून मी शिरतच नव्हते. तुम्ही मला बाहेर पडायची वेळ आधी नेमून दिलीत. फिल्टरमधला थेंबांचा आवाज थांबला की माझी सुटका. तेवढ्याशा सुटकेच्या भरवशावर मी दर गुरुवारी आत जाऊ लागले, आणि पुढे पुढे आवाज थांबल्यावर मलाच वाटायचं, आणखी एक डबा बघू. तुम्ही बघू द्यायचा नाहीत.

दुसऱ्या गुरुवारचं आपलं भांडण मला अजून लख्ख आठवतं. दाराजवळच्याच ढिगात पुण्याहून आणलेली कोळशाची लोखंडी शेगडी निघाली. त्यावर उशीचा निळा अभ्रा होता, मधोमध फाटलेला. मी म्हटलं अभ्रा माझा, शिवून वापरीन. तुम्ही म्हणालात कुणाचाच नाही. मी डिकॉक्शन बघायला आत गेले आणि येऊन पाहते तर तुम्ही शेगडी दोन्ही हातांत उचलून उभ्या. "ही दुसऱ्याची," म्हणालात, "माझी. बंबाला लागेल. अभ्रापण नेते, फडकं होईल." तुमची पाठ दुखते म्हणून मी हात लावायला गेले तर मला शेगडीला बोटही लावू दिलं नाहीत. स्वतःच जपून घेऊन गेलात. त्या दिवशी मी मनात तुम्हाला आपमतलबी म्हटलं होतं.

असे किती गुरुवार झाले कुणास ठाऊक. चीनशी लढाई झाली त्या हिवाळ्यात खोली सोडून आपण सैनिकांसाठी स्वेटर विणले. तुमच्या सुनेच्या, ताराच्या, बाळंतपणात दोन महिने खंड पडला. पण तुम्ही परत यायचात, आणि फिल्टर ठेवता ठेवता विचारायचात, "शेट्टी कुठं लपलाय बघू आज." चार खोकी रिकामी झाली. ह्यांची यादीसुद्धा सापडली, आणि तिच्यातल्या निम्म्या वस्तू तोवर घराबाहेर गेल्या होत्या. हे दहा मिनिटं ती यादी वाचत उभे राहिले आणि मग स्वतःच्या हाताने तिसऱ्या ढिगात टाकली. फरशी दिसायला लागली. शुभाला अभ्यासाला त्या खोलीतला खिडकीखालचा कोपरा मिळाला. फक्त शेट्टी मिळाला नाही. दर दसऱ्याला शेट्टम्मा एकटी, शेजारची जागा रिकामी, आणि दर वर्षी नव्या कुणीतरी विचारायचं आणि तुम्ही म्हणायचं, गावाला गेलाय.

आणि मग राहिलं ते पाचवं खोकं. आपलं शेवटचं भांडण.

ते मी उघडू देईना. ते पुण्यात आईने भरलं होतं, तिने पुढे उभं राहून खिळे मारून घेतले होते, आणि आम्ही इकडे आलो त्याच वर्षी ती गेली. नवं घर मांडशील तेव्हा उघड, असं म्हणाली होती. भाड्याच्या ह्या घराला मी नवं घर म्हणायला तयार नव्हते. नवं घर म्हणजे पुण्यातलं, जेव्हा केव्हा होईल तेव्हाचं. दर गुरुवारी तुम्ही त्या खोक्यावर हात ठेवायचात आणि मी विषय बदलायची. शेवटी एकदा तुम्ही म्हणालात, "सगळं झालं. आता शेट्टी ह्यातच असणार."

मला राग आला. "अक्का, हे खोकं पुण्याला बंद झालंय. तेव्हापासून एक खिळा हललेला नाही. तुमचा शेट्टी त्यात शिरेल कसा?"

"व्यापारी माणूस. कुठंही शिरेल."

"चेष्टा नको. तुम्हाला शेट्टीशी कर्तव्य आहे की माझ्या खोक्याशी?"

तुम्ही फिल्टरकडे गेलात. त्या दिवशी आपण कॉफी न बोलता प्यालो. नंतर काही आठवडे तुम्ही आला नाहीत. मला वाटलं रागावल्यात, आणि मीही गेले नाही. तुम्ही आजारी आहात हे मला चार दिवस उशिरा कळलं, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

मी बघायला आले तेव्हा तुम्ही अगदी लहान दिसत होतात, कांबळं गळ्यापर्यंत ओढलेलं. बोलायला त्रास होत होता. तरी विचारलंत, "फिल्टर ठेवलास का?"

मला कळलं तुम्ही काय विचारता ते. मी तुमचा हात धरून म्हटलं, "उद्या ठेवते, अक्का."

"सरी," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत. तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं ते. एवढ्या वर्षांनी मी तुम्हाला पुन्हा 'उद्या' दिला आणि तुम्ही तो नेहमीसारखा ठेवून घेतलात. तुमचं उरकून सगळे घरी परतले त्या दिवसापासून माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. शेट्टी परत न करता मी तुम्हाला जाऊ दिलं होतं. आता तो मिळाला तरी देणार कुणाला, आणि मिळणार तरी कुठे, चार खोक्यांत नव्हता आणि पाचव्यात असणं शक्य नव्हतं. तेराव्याला तुमच्या घरी जेवायला बसले, तर भिंतीशी ठेवलेली बाहुल्यांची ट्रंक समोर दिसत होती. मला वर बघता येईना.

परवा गुरुवार होता. दुपारी मी फिल्टर ठेवला. ह्यांची पक्कड आणि हातोडी घेतली आणि खोलीत गेले. शेट्टी आत नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी खिळे काढायला बसले, कारण तुम्हाला दिलेला तो 'उद्या' तेवढाच माझ्या हातात उरला होता. खिळे गंजले होते, एकेक करून किंचाळत निघाले. आत वर्तमानपत्रं, मग आईची ओळखीची जुनी साडी, आणि साडीत गुंडाळलेलं मण्यांचं तोरण. पांढऱ्या मण्यांत हिरवे राघू, तिने डोळे अधू झाल्यावर विणलेलं, म्हणून एका राघूला दोन चोची. खाली समई, दोन पाट, विळी. घर मांडायला लागतं ते सगळं. आठ-नऊ वर्षं हे माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे होतं आणि मी शेजारणींकडून पाट मागून आणत होते.

मी खूप रडले, पण ते रडणं वाईट नव्हतं. उठून पदराने डोळे पुसले आणि तोरण पुढच्या दाराला बांधलं. जरा तोकडं पडलं, चालेल. मग खोलीत येऊन उभी राहिले. भिंतीपासून भिंतीपर्यंत नुसती फरशी. किती वर्षांनी मी त्या खोलीत मोकळा श्वास घेतला. माझ्या छातीवर काहीतरी बसलेलं होतं आणि ते उठून गेलं, हे मला तेव्हा कळलं. डिकॉक्शन केव्हाच उतरून थंड झालं होतं.

शेट्टी अर्थात नव्हता. मग मी ठरवलं की आता लपवाछपवी पुरे. तुमच्या सुनेला जाऊन सरळ सांगायचं. तशीच धुळीच्या हातांनी तुमच्याकडे आले. तारा मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. तिला म्हटलं, "तारा, मला एक कबूल करायचंय. अक्कांचा शेट्टी माझ्याकडून हरवला. सगळी खोली पाहिली. तो नाही. आता मिळेल असं वाटत नाही."

तिने सूप खाली ठेवलं. माझ्या हातांकडे पाहिलं. "ते खिळ्याचं खोकं उघडलंत?"

"हो, आत्ताच. त्यातही नाही."

"सगळं काढलंत? रिकामं?"

"रिकामं."

तारा उठली आणि आत गेली. बाहुल्यांची ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात निळ्या कापडात बांधलेलं काहीतरी होतं. कापड मी आधी ओळखलं. माझ्या उशीचा तो अभ्रा. तिने गाठ सोडली आणि आतून शेट्टी निघाला. पोट, गंध, उधारी न देणारा चेहरा, सगळं जिथल्या तिथे.

तुम्हाला अत्ते म्हणणारी तारा सांगू लागली, "दुसऱ्याच गुरुवारी मिळाला होता हो. तुमच्या शेगडीत. तुम्ही कॉफी बघायला आत गेला होता म्हणे. अत्तेंनी तो तसाच अभ्र्यात गुंडाळून आणला. मी म्हटलं, अत्ते, सांगून टाका की त्यांना, जीव टांगणीला लागलाय त्यांचा. तर म्हणाल्या, आज सांगितलं तर ती उद्या दार लावून घेईल. खोकी संपू दे सगळी, मग देऊ."

"आणि दसऱ्याला? पाच दसरे ती शेट्टम्मा एकटी बसली, अक्कांना काही वाटलं नाही?"

"वाटायचं तर. मांडायच्या आधी त्याला बाहेर काढून पुसायच्या आणि परत ठेवताना म्हणायच्या, स्वल्प थांब रे, विमलाचं संपू दे." ताराने अभ्र्याची घडी घातली. "शेवटी मला सांगून गेल्या. ती येईल. आधी खोक्याचं विचार. उघडलं असलं तरच दे."

अक्का, तुम्ही मला फसवलंत. आईने दिलेलं जोडपं पाच वर्षं मोडून ठेवलंत, चारचौघींत स्वतःच्या मांडणीत उणं दाखवलंत, आणि मला वाटत राहिलं की मीच तुमचं नुकसान करते आहे. मी तुम्हाला आपमतलबी म्हटलं होतं हो. तुमच्याशी भांडायचं अजून पुष्कळ आहे. चपलेचं आहे, शेगडीचं तर आहेच. आभारही राहिले आहेत, तेही आपण कधी बोललो नाही. पण खरं सांगते, परवापासून मी गाढ झोपते आहे. तुमचं काही माझ्याकडे राहिलं नाही आणि तुम्ही जाताना हे जाणून होतात, ह्याने मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही.

शेट्टीला मी माझ्या हाताने ट्रंकेत शेट्टम्माशेजारी ठेवलं. अभ्रा मागून घेतला. तो आता माझ्या ढिगातला आहे, कुणी काही म्हणा.

ताराने विचारलं आहे की ह्या दसऱ्याला खालची पायरी मी मांडीन का. मांडीन म्हटलं. कुणीतरी विचारणारच, अक्कांचा शेट्टी आला वाटतं गावाहून? मी वाटीत उसळ घालता घालता सांगेन, हो, आला. खोकं उघडलं, तोरण लावलं. आता इथंच राहणार आहे.